तुम्ही विचारलंत म्हणून: अजून वाळूजलाच?

गेल्या महिन्यात अंबाजोगाईला लग्न होतं. पंगतीत पानावर वरणभात पडायच्या आत मामांनी विचारलं, “अजून तिथंच करायलास का? आता किती देतेत?”

मी आकडा सांगितला. १४ वर्षं झाली, हातात ४२ हजार येतात. मामांनी शेजारच्या पाहुण्यांकडे बघितलं. त्यांचा धाकटा हिंजवडीला आहे, त्याची सुरुवातच याच्या पुढं होती. “मग राहिलास कशाला?” पंगतीत याचं उत्तर देता येत नाही, वाढपी डोक्यावर उभा असतो. आणि हाच प्रश्न शेजारी, जुने वर्गमित्र, कॉलेजातली पोरंही विचारतात, म्हणून इथं सांगतो.

मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या प्रेसशॉपच्या, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा ठोकून भाग काढणाऱ्या कारखान्याच्या, टूलरूममध्ये डाय डिझाइन करतो. डाय म्हणजे पत्रा कापायचा, त्याला आकार द्यायचा पोलादी साचा. बजाजचा कारखाना इथं १९८५ साली सुरू झाला आणि गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग करणारी आमच्यासारखी छोटी युनिटं आसपास उभी राहत गेली. आमचा सगळा हिशोब नगाला किती पैसे, असा असतो. त्यातही वरून मागणी येते की यंदा भाव थोडा उतरवा. मालक काही वाईट माणूस नाही, पण त्याच पैशांतून पगार निघायचा म्हटल्यावर तो किती निघणार?

पैशानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पैशानं बरंच होतं. दर जूनला मुलीची फी भरायची म्हणून बायको मे महिन्यातच भिशी उचलते. पुण्याला दोनदा मुलाखत देऊन आलो. एकदा निवडही झाली, पगार जवळजवळ दीडपट. काम काय, तर डायची कोटेशनं करायची. डाय बनणार चीनमध्ये. मी विचारलं, ट्रायलला उभं राहायला मिळेल का? समोरचे दोघं हसले. परतीच्या बसमध्ये नगरपर्यंत माझा निर्णय होत नव्हता, नेवासा फाट्याला झाला. घरी चार दिवस कुणी नीट बोललं नाही, ते वेगळं.

ट्रायल म्हणजे काय ते सांगतो. नवी डाय प्रेसवर चढवतात, पत्र्याची पट्टी सरकवतात, पहिला ठोका पडतो आणि पहिला जॉब, म्हणजे तयार भाग, हातात येतो. मी आधी त्याची कड बघतो. पंचानं, म्हणजे वरून येणाऱ्या ठोकणाऱ्या भागानं, पत्रा कापला असं आपण म्हणतो, पण तो पूर्ण कापला जातच नाही. पंच थोडा आत शिरेपर्यंत कापतो, पुढचा पत्रा आपोआप तुटतो. कडेवर हे दोन्ही दिसतं: कापलेला पट्टा चकचकीत आणि तुटलेला भाग करडा, खरबरीत. पंच आणि खालची डाय यांच्यातली फट म्हणजे क्लिअरन्स. २ मिलिमीटरच्या साध्या पत्र्याला एका बाजूला साधारण एक दशांश मिलिमीटर. ती जास्त झाली की बर, म्हणजे कडेला धारदार कोर, येते, नखाला लागते. फारच कमी झाली की एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे दिसतात. अंगठ्याएवढ्या तुकड्याच्या कडेवर माझी चूक अशी लिहून येते. माझ्या ड्रॉइंगवर सही कुणाची आहे, हे त्या कडेला विचारावं लागत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, वायरकटला, म्हणजे तारेच्या ठिणगीनं पोलाद कापणाऱ्याकडे, दिलेली डायची एक प्लेट परत आली. दोन भोकांमधलं अंतर २५० मिलिमीटर हवं होतं. एसी असलेल्या इन्स्पेक्शनच्या खोलीत नेऊन मोजलं तर ७० मायक्रॉन जास्त; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीच्या कागदाची जाडी साधारण शंभर मायक्रॉन असते, म्हणजे तुम्हाला वाटेल एवढ्यानं काय होतं. पण डायला ते अख्खं वाटोळं. मी वायरकटवाल्याला फोन लावला आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचे जुने फिटर काका तोवर दारात येऊन उभे होते. पुढं आले, प्लेटवर तळवा ठेवला, झटक्यात उचलला. “साहेब, हिला ताप आलाय. उतरू द्या.”

प्लेट उघड्या टेम्पोतून भर दुपारी आली होती. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन लांबतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. जगभरची मापं २० अंश तापमानाला धरायची, हे १९३१ सालीच ठरलंय, तेही मला पाठ होतं. त्या संध्याकाळी चहाच्या बिलामागं गुणाकार केला: पाव मीटर, २५ अंशांचा फरक. उत्तर ७२ आलं. बिल हातात धरून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. लाज वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त आनंद झाला होता. परीक्षेच्या वहीतला तो आकडा माझ्यासमोर टेबलावर पडून, निवत होता. मामा, मी राहिलो ते यासाठी. याला पगारात धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सकाळी साडेसातला, कुणी यायच्या आत, पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. वायरकटवाल्याला फोन करून माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “सोडा साहेब, मे महिन्यात असा एक तरी फोन येतोच.”