तिरक्या मापात तीन इंच

मी सांगलीत विश्रामबागला एका आर्किटेक्ट सरांकडे ड्राफ्टिंग करते, आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल झाल्यावर लगेच लागले, त्याला आता बारा वर्षं होत आली. घराचे प्लॅन, सेंटर लाईन म्हणजे कॉलमच्या मध्यरेषा, कॉलम लेआउट, म्युन्सिपाल्टीची ड्रॉइंगं, सगळं ऑटोकॅडवर, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर. इतक्या वर्षांत फाईली उडाल्या, फॉन्ट गेले, प्रिंटचा स्केल चुकला, पण मे महिन्यातली ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही म्हणून सविस्तर लिहितेय, कुणा ड्राफ्ट्समनच्या उपयोगी पडेल.

साईट हरिपूर रोडची. तिथल्या काकांचं जुनं घर २०१९ च्या पुरात पाण्यात गेलं होतं. तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे काय पाणी असेल विचार करा. जुन्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती आणि काकांनी ती आम्हाला बोट लावून दाखवली होती, नवीन घराचं जोतं ह्याच्या वर पाहिजे म्हणून. जमीन काळी, मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, त्यामुळे पाऊस लागायच्या आत खड्डे आणि फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, झालंच पाहिजे होतं, एकदा काळी माती भिजली की खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तेच काम दोनदा करावं लागतं. जेसीबी सांगितलेला, कॉलमच्या जागेच्या खुंट्या आदल्या दिवशी संध्याकाळी टोटल स्टेशनवाल्या, म्हणजे सर्व्हेच्या मशीनवाल्या, मुलानं मारून दिलेल्या.

सकाळी साडेसातला मिस्त्रीमामांचा फोन. "ताई, हे गुण्यात बसंना झालंय बघा. दोरी लावली, तिरकं माप घेतलं, तीन इंचाचा फरक येतोय."

गुण्यात म्हणजे काटकोनात. मी म्हणलं टेप ताणला गेला असेल. तर मामा म्हणाले, "फायबरचा न्हाय ओ ताई, स्टीलचा लावलाय, दोनदा घेतलं."

चार कोपऱ्यांच्या कॉलमचं सेंटर टू सेंटर माप ४० फूट बाय ३० फूट. तीन-चार-पाचचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे कर्ण बरोबर ५० यायला पाहिजे, दोन्ही बाजूनं. मामांना एक ५० फूट दीड इंच आणि दुसरा ४९ फूट साडेदहा इंच येत होता. माझ्या मनात पहिलं आलं की सर्व्हेवाल्याची खुंटी हलली असणार, रात्री गुरं फिरतात तिकडं. त्याला फोन केला, तो बिचारा पंधरा मिनिटात मशीन घेऊन आला, मी पण लॅपटॉप स्कूटीला अडकवून पोचले. त्यानं चारही खुंट्या परत तपासल्या, तुमच्या फाईलमधल्या पॉइंटपासून पाच मिलीमीटरच्या आत आहेत म्हणाला. तोवर जेसीबी येऊन उभा, त्याचं तासाचं भाडं चालू झालेलं, काका काही बोलत नव्हते पण सारखे घड्याळ बघत होते.

लिंबाखाली खुर्चीवर लॅपटॉप ठेवून फाईल उघडली. सगळी डायमेन्शन्स बरोबर. ४०, ३०, मधली १२, १६, १२, बेरीज जुळतेय. मग माझ्याच फाईलमध्ये डीआय, म्हणजे अंतर मोजायची कमांड, देऊन कर्ण मोजला. ५० फूट दीड इंच. दुसरा मोजला. ४९ फूट साडेदहा इंच. मामांच्या टेपवर जे आलं तेच, अर्धा इंचसुद्धा इकडंतिकडं नाही. हातापायातलं बळच गेलं माझ्या, कारण म्हणजे मशीन बरोबर, खुंट्या बरोबर, मामा बरोबर, आणि चूक माझ्या फाईलमध्ये.

आता ही कशी झाली ते सांगते. सर्व्हेच्या फाईलमधली रस्त्याकडची हद्द मी घेतली, फ्रंट मार्जिन, म्हणजे पुढची मोकळी जागा, सोडून ऑफसेट केली, म्हणजे तेवढ्या अंतरावर तिला समांतर लाईन काढली, आणि तीच पुढची सेंटर लाईन धरली, मग तिच्यावरून ऑफसेट करत करत मागच्या सगळ्या आडव्या लाईनी काढल्या. उभ्या लाईनी मात्र एफ८ दाबून, ऑर्थोमध्ये, त्यात रेघ फक्त सरळ आडवी किंवा उभीच निघते. रस्त्याची हद्द डोळ्याला अगदी आडवी दिसायची पण ती ०.३ अंशानं कललेली होती. पाच अंश असती तर लगेच दिसली असती, ०.३ नाही दिसत. म्हणजे आडव्या लाईनी कललेल्या आणि उभ्या बरोबर उभ्या, घराचा आयत गेला आणि त्याचा समांतरभुज चौकोन झाला. आणि डायमेन्शन मात्र सगळी बरोबर येतात, कारण इतक्या कोनात चाळीस फुटाला एक केसभरसुद्धा फरक पडत नाही. लांबीचं डायमेन्शन कोनाबद्दल काहीच सांगत नाही, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

लाईन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये अँगल बघितला असता तर? आदल्या आठवड्यात बघितला होता की, शून्य दाखवत होता. कारण युनिट्समध्ये अँगलची प्रिसिजन, म्हणजे किती दशांश दाखवायचे ते, शून्यावर होती, ०.३ चं ते गोल करून ० दाखवतं. तिथं बसल्या बसल्या युनिट्स कमांड देऊन अँगलची प्रिसिजन चार दशांशावर नेली आणि लिस्ट मारलं, म्हणजे लाईनची माहिती काढली, लगेच ०.३ बाहेर आलं. आणखी एक खूण असते, स्क्रीनवर जवळजवळ आडव्या रेषेला बारीक पायऱ्या दिसतात, खरी आडवी असेल तर दिसत नाहीत. मला त्या दिसल्या होत्या पण मी ग्राफिक्सचा प्रॉब्लेम समजून सोडून दिलं. रेषा स्मूथ दाखवायची सेटिंग चालू असली तर ही खूणसुद्धा जाते.

तुम्ही म्हणाल तीन इंचानं काय होतं. बारा फुटाच्या खोलीत पाऊण इंच होतं. फरशी बसवणारा एका भिंतीला अख्खी फरशी लावून निघतो आणि समोरच्या भिंतीला त्याला पाचर कापावी लागते, ओट्याच्या कोपऱ्यात फट राहते, सुताराचं कपाट भिंतीला लागत नाही, आणि ते काकांना आयुष्यभर दिसत राहणार. ते घर त्यांनी पूर सोसून परत उभं करायला घेतलं होतं.

सरांना फोन लावला. त्यांनी दोन मिनिटात ठरवलं, पुढची बाजू रस्त्याला समांतरच ठेवायची, मार्जिन मंजूर आहे त्याला हात लावायचा नाही, बाजूच्या भिंती फिरवायच्या. तीस फुटाला मागचा कोपरा जवळजवळ दोन इंच सरकणार होता आणि त्या बाजूला आम्ही तीन इंच जास्तीचे सोडलेले होते, म्हणून निभावलं.

मग सेंटर लाईन नव्यानंच काढायला घेतली. जुन्यातल्या लाईनी एकेक करून फिरवत बसले असते तर एखादी राहून गेली असती. यूसीएस कमांड, म्हणजे आडव्या-उभ्या अक्षांची दिशा आपण ठरवायची, त्यात ऑब्जेक्ट, आणि रस्त्याकडची लाईन सिलेक्ट केली, मग प्लॅन दिलं की स्क्रीन त्या लाईनप्रमाणे वळते. आता ऑर्थो त्याच लाईनला धरून चालतो, आडवं म्हणजे रस्त्याला समांतर, उभं म्हणजे त्याला काटकोनात. हे मी पहिल्यापासून केलं असतं तर प्रश्नच नव्हता. चार उभ्या, तीन आडव्या लाईनी, बारा कॉलम, पंचवीस मिनिटांचं काम. वीसाव्या मिनिटाला लॅपटॉप बंद पडला. उन्हानं तापला का बॅटरी संपली कळलं नाही. काकांच्या घरातून वायर ओढली, चालू केलं, आणि ऑटोसेव्ह शोधली. ती टेम्प फोल्डरमध्ये एसव्ही डॉलर एक्स्टेन्शननं असते, नाव बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडते. मी सेव्हटाईम पाच मिनिटांवर ठेवते म्हणून दोनच लाईनी परत काढाव्या लागल्या. एक लक्षात ठेवा, फाईल नीट बंद केली की ती ऑटोसेव्ह पुसली जाते, ती फक्त असं अचानक बंद पडल्यावरच मिळते. चुकून सेव्ह करून जुनं गमावलं असेल तर ड्रॉइंग ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली बॅक (.bak) फाईल बघायची, तिचंही नाव बदलून डीडब्ल्यूजी करता येतं.

सर्व्हेवाल्याला पॉइंट काढून द्यायला आयडी, म्हणजे बिंदूचे आकडे सांगणारी कमांड, दिली तर कोऑर्डिनेट ० आणि ४८० असे आले. थबकलेच. यूसीएस अजून रस्त्याच्या लाईनवर होता आणि आयडी चालू यूसीएसमधले आकडे देतं. सर्व्हेवाल्याचे आकडे साडेचार लाख आणि अठरा लाखाच्या पुढचे, यूटीएममधले, म्हणजे नकाशाच्या मीटरमधल्या ग्रिडचे. यूसीएस वर्ल्डला, म्हणजे मूळ अक्षांवर, आणला आणि मग इंचातलं आमचं काम मीटरमध्ये नेताना पूर्ण ड्रॉइंग ०,० धरून ०.०२५४ नं स्केल केलं. इथं पण एक जागा आहे, मीटरचं इंच करताना बरेचजण ३९.३७ नं गुणतात, आणि परत जाताना ०.०२५४ घेतात, त्या दोघांचा गुणाकार एक येत नाही, ०.९९९९९८ येतो. घराएवढ्या मापात ते कळतही नाही, पण अठरा लाखाच्या आकड्याला तोच फरक पावणेचार मीटरच्या आसपास जातो, अख्खं घर शेजाऱ्याच्या हद्दीत. म्हणून मी आणताना १ भागिले ०.०२५४ हेच टाकते, म्हणजे परत जाताना तंतोतंत जुळतं. दोन हद्दीचे दगड फाईलमध्ये ठेवून त्यांचे आकडे सर्व्हेवाल्याच्या आकड्यांशी ताडून बघितले, जुळले, मगच फाईल त्याच्या हातात दिली.

सव्वा अकराला नवीन खुंट्या झाल्या. मामांनी कुणाचं न ऐकता स्वतःच टेप धरला, एका टोकाला पोरगा, दुसऱ्याला ते. पहिला कर्ण ५० फूट. दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन परत, ५० फूट. मामांनी टेप सोडला नाही, मला जवळ बोलावून आकडा दाखवला, बोट ठेवून, जसं काकांनी पाण्याची रेघ दाखवली होती तसंच. मग खड्ड्यांच्या खुणेसाठी फक्की (चुन्याची पूड) मारायला सुरुवात केली आणि जेसीबीवाल्याला हात केला.

निघताना म्हणाले, "ताई, ते तिरकं माप पण कागदावर लिहून देत जावा की. आमास्नी जुळवायला बरं पडतंय."

संध्याकाळी ऑफिसला आल्यावर आमच्या सेंटर लाईनच्या टेम्प्लेट शीटवर दोन्ही कर्णांची डायमेन्शन्स टाकली, वेगळ्या लेयरवर, लाल रंगात, आणि अँगलची प्रिसिजन चार दशांशावर ठेवून टेम्प्लेट सेव्ह केली. मग कपाटातून चालू कामांची यादी काढली आणि खणाई न झालेल्या पाच साईटच्या फाईली एकेक उघडून कर्ण मोजत बसले. चार बरोबर निघाल्या. पाचव्या फाईलमध्ये पाव इंच होता, माधवनगरच्या साईटला, तिथल्या मिस्त्रींना रात्रीच फोन केला.