रोज २० मिनिटं चेहरे, दिवस ९४: डोळे जमले होते, डोकं आत्ता कुठे जमतंय

रोज २० मिनिटं पेन्सिलने चेहरे काढायचा सराव चाललाय. मागच्या वेळी त्याबद्दल लिहिलं तेव्हा दिवस ३१ होता आणि मी जाम खुश होते, कारण डोळे जमायला लागले होते. पापणीची जाडी, वरच्या पापणीची बुबुळावर पडणारी सावली, तो छोटासा चमकता ठिपका, सगळं. ती खुशी चार दिवस टिकली. दिवस ३५ ला बाबा पेपर वाचत बसले होते, म्हटलं आज फोटोवरून नको, जिवंत माणूस काढू. चष्मा सरळ गाळून टाकला कारण तो माझ्या आवाक्यातला नव्हता. २० मिनिटांतली १४ मी एकट्या डाव्या डोळ्यावर घालवली, उरलेल्या ६ मध्ये बाकीचा माणूस उरकला आणि आईला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "डोळा छान आलाय गं, पण हा आहे कोण?"

कोण म्हणजे, बाबाच. फक्त कपाळ अर्ध्यावर संपलेलं आणि कान गालाला चिकटवल्यासारखे.

त्या रात्री चिडून पट्टी घेतली आणि स्केचबुकमधले सगळे जुने चेहरे मोजले. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे बरोबर मध्यावर येतात हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतंच. तरी ५२ चेहऱ्यांपैकी ४४ मध्ये डोळे मध्याच्या वर, काही ठिकाणी तर दोन बोटं वर. म्हणजे महिनाभर मी डोळे, नाक, ओठ काढत होते, डोकं काढतच नव्हते. आपलं लक्ष असतं डोळ्यांपासून ओठांपर्यंतच्या पट्ट्यात, वर कपाळ आणि केस म्हणजे नुसती मोकळी जागा वाटते, मग हात ती जागा आपोआप आखडून टाकतो. गंमत म्हणजे मी टेबलावर वही सपाट ठेवून काढायचे, आणि तशी ठेवली की कागदाचा वरचा भाग आपल्यापासून लांब असल्याने दबलेला दिसतो, त्यामुळे चित्राचा वरचा भाग उलट जास्त ताणला जातो. एवढा ताणूनही माझी कपाळं छोटीच, यावरून मूळ चूक किती मोठी असेल बघा. आता वहीखाली एक जाड बोर्ड तिरका लावते, त्याने बराच फरक पडला.

तर रूटीन बदललं. आधी २० मिनिटांत एक चेहरा असा प्रकार होता. आता पहिली ५ मिनिटं नुसती मुंडकी, टायमर लावून मिनिटाला एक, डोळे-नाक काही नाही. मग १० मिनिटं एक पूर्ण चेहरा. शेवटची ५ मिनिटं तो चेहरा आणि रेफरन्स (ज्याच्यावरून काढलं तो फोटो) शेजारी ठेवून काय चुकलं ते चित्राच्या कडेलाच लिहायचं. पहिल्या १५ मिनिटांत खोडरबर बंद, पेन्सिल एकच, २बी.

मुंडक्यांसाठी लूमिस पद्धतच धरली, म्हणजे अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराची डोकं काढायची पद्धत. एक गोळा काढायचा, त्याची बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट करायची, तिथे एक लंबगोल येतो, त्याच्या मधून जाणारी आडवी रेघ ती भुवयांची. लंबगोलाचा वरचा काठ म्हणजे केसांची सुरुवात, खालचा काठ म्हणजे नाकाचा तळ, आणि भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत जेवढं अंतर तेवढंच परत खाली टाकलं की हनुवटी. कान त्या लंबगोलाच्या मागच्या-खालच्या चतकोरात, म्हणजे भुवईची रेघ आणि नाकाचा तळ यांच्या मध्ये. मी कान आजवर कायम सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत बसवत होते, आता तो दुसऱ्या-तिसऱ्या रेघेतच येतो आणि डोकं कुठे वळलंय ते त्याच्यावरूनच कळतं. सुरुवातीला हे सगळं फार यांत्रिक वाटलं, दहा दिवस नुसते बॉल बेअरिंग काढतेय असं वाटायचं, पण दिवस ४८ च्या आसपास हात न विचारता चेहऱ्याची मधली उभी रेघ वळवायला लागला.

आणि मग दिवस ५२ ला बाबा खुर्चीत पेंगत होते. मान खाली, हनुवटी छातीला टेकलेली, आणि मी समोर बसून नेहमीसारखे डोळे मध्यावर मारले. दिसायला लागला कोणीतरी ताठ बसून डोळे मिटलेला माणूस, पेंगणारा अजिबात नाही. पाच मिनिटं नुसती बघत बसले तेव्हा दिसलं की कान डोळ्यांच्या वर गेलेत. डोकं पुढे झुकलं की आपल्याला टाळूच जास्त दिसते, डोळे मध्याच्या बरेच खाली सरकतात, नाकाचा शेंडा ओठांवर येतो आणि कान वर चढतात. मान वर केली की सगळं उलट, कान खाली उतरतात आणि नाकाचा तळ दिसायला लागतो. म्हणजे मध्यावर डोळे हा हिशोब ताठ डोक्याचा, समोरून बघितलेला. मी पट्टी घेऊन ज्याच्यावर एवढी चिडले होते तो नियम दोन आठवड्यांत अर्धा बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून पाचातली दोन मुंडकी तरी झुकलेलीच काढते.

चुका तपासण्याबद्दल. मला एकीने सांगितलं होतं की चित्र उलटं धर, चुका लगेच दिसतील. मी महिनाभर मनापासून धरत होते आणि मला उलटं धरल्यावर चेहरे उलट जास्त चांगले दिसायचे! मला वाटलं माझ्याच नजरेत काहीतरी गडबड आहे. मग वाचनात थॅचर इल्युजन आलं. १९८० मध्ये पीटर थॉम्पसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. तो फोटो डोकं खाली करून बघितला तर जवळपास नॉर्मल वाटतो, सरळ केला की दचकायला होतं. चेहरा उलटा असला की आपला मेंदू त्यातले भाग सुटे सुटे बघतो, एकमेकांशी कसे बसलेत ते नीट पकडत नाही. म्हणून रेफरन्स उलटा ठेवून कॉपी करायला मस्त, कारण 'नाक' दिसायचं थांबतं आणि नुसते आकार दिसतात, पण काढून झालेला चेहरा तपासायला उलटं धरणं माझ्या मते घात आहे. तपासायला आरसा. लिओनार्दोने पण चित्रकारांना हेच सांगितलंय, सपाट आरशात बघा, चित्र दुसऱ्याच कोणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि दोष पटकन कळतात. मी फोनवर फोटो काढून डावं-उजवं फ्लिप करते. पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की माझ्या प्रत्येक चेहऱ्याचा उजवा डोळा थोडा वर आणि बाहेर पळालेला असतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पाच महिन्यांच्या भाचीचा पण.

आरशावरून आठवलं, हे एकदा करून बघाच. अंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असते, त्यात एक डोळा मिटून आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने काढायची, टाळूपासून हनुवटीपर्यंत. मग ती पट्टीने मोजायची. माझी भरली साधारण ११ सेंटीमीटर, आणि माझं डोकं आहे २२. बरोबर निम्मं! आरशापासून मागे सरकून परत काढलं तरी तेवढंच, कारण आरसा कायम आपण आणि आपली प्रतिमा यांच्या बरोबर मध्ये असतो. मी तीन वेळा मोजलं, चौथ्यांदा आईने बाहेरून विचारलं "काय चाललंय आत?" सेल्फ पोर्ट्रेट आरशातून काढताना याचा उपयोग काय म्हणाल तर फार नाही, पण त्यानंतर मी जे दिसतं ते मोजायला लागले, जे माहीत आहे ते नाही. सेल्फीवरून मात्र काढू नका. हातभर अंतरावर नाक कॅमेऱ्याच्या इतकं जवळ असतं की ते फुगतं आणि कान मागे लपतात, मग आपण तेच इमानदारीने कॉपी करत बसतो. फोन दोन मीटर लांब ठेवून झूम केलेला फोटो बरा.

शेडिंगवर यावेळी फार काही केलं नाही. डोळे किलकिले करून बघायचं आणि काळोख कुठे साचतोय तेवढाच भाग भरायचा. वरचा ओठ खाली बघत असतो म्हणून बहुतेक वेळा गडद, खालचा प्रकाश झेलतो, एवढं कळल्यावर ओठांची आउटलाइन काढणं बंद केलं आणि लिपस्टिक लावल्यासारखे पुरुष कमी झाले.

खरी मजा आली दिवस ८० नंतर. मुंडकं बरोबर, कान बरोबर, डोळे जागेवर, तरी बाबा बाबांसारखे येईनात, कोणीतरी सभ्य काकाच यायचे. मग हात ताठ धरून पेन्सिलीवर मापं घ्यायला लागले, एका डोळ्याची रुंदी हे माप धरून. आणि सापडलं. त्यांच्या नाकाच्या तळापासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर, ती नाकाखालची पन्हळ, चांगली लांब आहे. जवळजवळ एका डोळ्याएवढी. मी आपली पद्धतीतल्या मापाने दरवेळी ओठ वर नेऊन चिकटवत होते. पद्धतीतलं माप सरासरी माणसाचं, आणि बाबा तिथे सरासरी नाहीत, बस इतकंच होतं. आता कोणालाही काढायला बसले की पहिल्या मिनिटात एकच प्रश्न, या माणसाचं काय मापाबाहेर आहे? कोणाचा जबडा कानाखाली एकदम रुंद, कोणाच्या भुवया डोळ्यांवर बसलेल्या, कोणाच्या दोन डोळ्यांमध्ये तिसरा डोळा मावून वर जागा उरते.

हिशोब सांगायचा तर ९४ दिवसांतले ८१ भरले. तापात ५ गेले, बाकीचे ८ निव्वळ आळस. आळसाच्या दिवशी कुठल्यातरी पाकिटाच्या मागे एक मिनिटाचं मुंडकं काढायचं असं मी मध्यंतरी ठरवलंय, ती मी ८१ मध्ये धरलेली नाहीत.

अजून अजिबात न जमणारी गोष्ट म्हणजे हसू. दात वेगवेगळे काढले की हार्मोनियमच्या पट्ट्या दिसतात. एकेक दात न काढता फक्त हिरडीची कड आणि जिवणीच्या कोपऱ्यातला अंधार दाखवला तर बरं दिसतं एवढं कळलंय, पण हसताना गाल वर येऊन खालच्या पापणीला ढकलतात, ते विसरले की तोंड हसतं आणि डोळे तसेच राहतात, फॉर्म भरायला काढलेल्या फोटोसारखे. पुढचे ३० दिवस हेच. हसतानाचे चांगले रेफरन्स कोणाकडे असतील तर सांगा, पोज दिलेले नकोत.

काल परत बाबा, पेपर, तीच खुर्ची. डोळ्यांवर मुद्दाम दीड मिनिटाच्या वर थांबले नाही. चित्र टेबलावर ठेवून हात धुवायला गेले, परत आले तर आई ते हातात घेऊन उभी. "अगं, यांचा चष्मा कुठे गेला?"

चष्मा उद्या. त्याची काडी कानावर बसवणं हे वेगळंच प्रकरण आहे.