कार्बला हात लावायच्या आधी

जुन्या अमेरिकन व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) गाड्यावाल्यांना एक खाज असते. गाडी जरा मठ्ठ वाटली, ॲक्सिलरेटर दाबल्यावर खोकली की लगेच कार्ब (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडायचा, आणि उघडलाच आहे तर मग मोठाच टाकू, 750 सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा जाऊ देणारा)! जरा थांबा राव. बऱ्याचदा दुखणं इग्निशनचं, म्हणजे ठिणगीचं असतं आणि शिव्या कार्ब खातो.

पॉइंट्सवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट्स म्हणजे त्यातला उघडझाप करणारा स्विच) असेल तर सुरुवात तिथून. पॉइंट्सचा जो तुकडा कॅमवर घासतो तो झिजत जातो, गॅप कमी होते, पॉइंट्स उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं, म्हणजे तुम्ही बोटही न लावता गाडी दमते. म्हणून आधी ड्वेल (पॉइंट्स किती अंश बंद राहतात ते) आणि मगच टायमिंग, कारण ड्वेल हलला की टायमिंग हललंच. शेवी 350 ला (शेवरोलेचं 350 क्युबिक इंचाचं इंजिन) डिस्ट्रिब्युटर कॅपवर पत्र्याची छोटी खिडकी असते, ती वर सरकवायची आणि इंजिन चालू असतानाच ॲलन की घालून ड्वेल 30 अंशांवर आणायचा. ज्याने कोणी ही सोय काढली त्याला माझा दंडवत. (1975 पासून शेवरोलेची मालक कंपनी जीएमने एचईआय, म्हणजे बिनपॉइंट्सचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, स्टँडर्ड दिलं, तिथे ही भानगडच नाही.)

आता टायमिंग लाईट, म्हणजे चालू इंजिनच्या मार्कवर मारून टायमिंग बघायचा दिवा. पण तुमचा मार्क खरा आहे का? मार्क असतो क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवर, आणि त्याची बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते, ते रबर वयाने सुटलं की रिंग फिरते आणि मार्क बिनधास्त खोटं बोलतो. मित्राच्या गाडीत हेच निघालं. बॅटरी काढली, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घातला, पाना लावून हाताने क्रँक हळूच एका बाजूने अडेपर्यंत फिरवला, खूण केली, मग उलट्या बाजूने फिरवून दुसरी खूण, आणि दोन्हीच्या बरोब्बर मध्ये खरं टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा). जुना मार्क तिथून चांगलाच लांब होता, म्हणजे इतके दिवस तो लाईट लावून मन लावून चुकीचं टायमिंग सेट करत होता. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून, 3000 आरपीएमच्या आसपास टीडीसीच्या आधी एकूण 34-36 अंश, जुन्या हेडच्या स्मॉल ब्लॉकला (शेवी 350 त्यातलंच) एवढं साधारण मानवतं.

एवढं करूनही खोकत असेल तर इंजिन बंद करा, कार्बमध्ये वरून बघत थ्रॉटल ओढा. पेट्रोलची पिचकारी लगेच आणि जोरात उडाली पाहिजे, नाहीतर बहुधा कार्बमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) गेलाय.

आणि तो 750 चा हट्ट. 350 क्युबिक इंच गुणिले 5500 आरपीएम भागिले 3456, झाले 557 सीएफएम, तेही इंजिन शंभर टक्के भरलं तर. रस्त्यावरचं इंजिन 85 टक्के धरा, 475 च्या आत येतं. 600 चा व्हॅक्यूम सेकंडरीवाला (मागची तोंडं गरजेपुरती व्हॅक्यूमने उघडणारा) भरपूर झाला की!

उरलेले पैसे ब्रेकवर घाला, खरंच. 1966 किंवा त्याआधीची बहुतेक मॉडेल्स सिंगल सर्किटची, एक नळी फुटली की चारही चाकं गेली. ड्युअल (दोन वेगळ्या सर्किटचा) मास्टर सिलिंडर टाका, पण गाडीवर चढवण्याआधी बेंचवरच त्यातली हवा काढा, नाहीतर पेडल स्पंजसारखं लागतं आणि ब्लीड करता करता जीव जातो.