"डिझेलला सगळं चालतं, साहेब"

सर्व्हिस सेंटरमधलं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं. माझी गाडी बीएस-६ डिझेल. मॅन्युअलमध्ये स्वच्छ छापलंय: ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या पातळपणाचा ग्रेड; डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं), एसीईए सी३ (कमी राखेच्या ऑइलचं युरोपीय मानक). जॉबकार्डवर मात्र नुसतंच 'इंजिन ऑइल'. कुठलं, असं विचारलं तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "कंपनीचंच आहे." ग्रेड? "पार्ट्सवाल्यांना विचारा." पार्ट्सवाला जेवायला गेलेला. तो आला आणि म्हणाला, सुपरवायझरला विचारा. काचेपलीकडे गाडी लिफ्टवर, ड्रेन प्लग निघालेला, काळं ऑइल ट्रेमध्ये गळतंय, आणि आत काय भरणार हे सांगायला कोणी तयार नाही. शेवटी आत जाऊन मीच ड्रमवरचं स्टिकर वाचलं: १५डब्ल्यू-४०, सीएच-४ (डिझेल ऑइलचं वेगळंच, जुनं मानक).

"पुण्यात कुठे बर्फ पडतो? ५डब्ल्यू कशाला?" इति सुपरवायझर. अहो, रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पुण्यातही थंडच असतं. स्टार्ट मारल्यावर ऑइल वरपर्यंत जितकं लवकर पोचेल तितकी झीज कमी. आणि ग्रेडपेक्षा मोठा प्रश्न सी३चा. डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, अडकलेली काजळी हायवेवर गाडी तापली की जळून जाते, पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, साचतच राहते. सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के असतं. डीपीएफ चोंदला तर नवा कोणाच्या खिशातून? माझ्याच.

मॅन्युअलचं पान उघडून काउंटरवर ठेवलं. म्हटलं, कुठलं ऑइल भरताय ते जॉबकार्डवर लिहा, सही करा, मग भरा. सही म्हटल्यावर मागच्या रॅकमधून सी३चे सीलबंद डबे निघाले! इतका वेळ तिथेच होते. डोळ्यांदेखत सील फोडून घेतलं, तेव्हा जिवात जीव आला.

बिलावरही ग्रेड आणि स्पेसिफिकेशन छापून घ्याच. उद्या वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. बाबांच्या जुन्या पेट्रोल गाडीला डीपीएफच नाही, तिला हे महागडं ऑइल घालण्यात अर्थ नाही. तिच्या मॅन्युअलमधला ग्रेड घाला. नव्या पेट्रोल इंजिनांचं उलट: काहींना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ लागतं, तिथे "जाड तेवढं चांगलं" म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. हां, गाडी ताब्यात घेण्याआधी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक बघा.

उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतू नका. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू शकतो. तिच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' (असा क्लच असलेल्या बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) बघून घ्यायचं.