ऊसतोडीच्या भागात राहून एबीएमध्ये पीएचडी : माझा अनुभव

मी बीड जिल्ह्यात स्पेशल एज्युकेटर आहे, ऑटिझमच्या मुलांसोबत काम करते. अप्लाइड बिहेव्हिअर अॅनालिसिस म्हणजे एबीए (वागणं मोजत, ग्राफ बघत मुलाला शिकवायचं शास्त्र), त्यात पीएचडी झाली तेव्हापासून लई जण विचारतात की इथं राहून कसं केलं, म्हणून सगळं लिहून टाकते.

आधी सर्टिफिकेटचं. बीसीबीए, बीसीबीए करत क्लासवाले मागं लागतात, म्हणजे एबीए करणाऱ्यांचं सर्टिफिकेट, पण ते देणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डानं १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवीन अर्ज घेणं बंद केलंय, त्यामुळं पैसे भरायच्या आधी नीट चौकशी करा. आपल्या आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टरमध्ये बिहेव्हिअर अॅनालिस्ट असा वेगळा प्रकारच नाही. मग मी आरसीआय नंबर स्पेशल एज्युकेशनचाच ठेवला आणि विद्यापीठात एज्युकेशन विषयात पीएचडीला गेले. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), इंटरव्ह्यू, कोर्सवर्क हे बहुतेकांना असतं तसंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा झाली टॉपिक मंजूर करायच्या मीटिंगमध्ये. माझ्या अभ्यासात चार मुलं होती. कमिटीवाले म्हणाले, चारच मुलं? किमान शंभर घ्या, कंट्रोल ग्रुप घ्या, टी-टेस्ट लावा. एबीएमध्ये मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी नसते, त्याच्या स्वतःशीच असते, हे तिथं कोणाला पटेना. मी मल्टिपल बेसलाइन डिझाइन समजावलं. सगळ्या मुलांचं आधीचं वागणं एकाच वेळी मोजायला लागायचं, पण शिकवणं एकेकाचं वेगवेगळ्या तारखेला सुरू करायचं, आणि ज्याचं सुरू झालं त्याचाच ग्राफ वर गेला, बाकीच्यांचा तिथंच राहिला, तर बदल शिकवण्यामुळं झाला असं म्हणता येतं. रिव्हर्सल, म्हणजे शिकवणं काढून घेऊन वागणं परत मागं जातं का बघणं, ते का नाही असंही विचारलं. अहो, लेकरू पाणी मागायला शिकलं की ते परत विसरायला कसं लावणार, आणि का लावायचं? गाईड सर ठामपणे मागं उभे राहिले म्हणून टॉपिक पास झाला.

मग आला कोयता, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या पुढंमागं आमच्याकडची गावं निम्मी रिकामी होतात, माणसं कारखान्यावर जातात ती उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. कोणत्याच पुस्तकात हे नव्हतं. मी सगळं वेळापत्रक पावसाळ्यावर बसवलं, तरी शेवटच्या मुलाचं शिकवणं नुकतंच रंगात आलं आणि त्याचे आईवडील त्याला घेऊन उसाच्या फडावर गेले. त्या मुलाला आम्ही मँड शिकवत होतो, म्हणजे हवी ती वस्तू मागणं. ओरडून, डोकं आपटून नाही, तर 'पाणी' म्हणून किंवा चित्र देऊन. आई अंगठेबहाद्दर, पण कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) रोज संध्याकाळी भांडं हातात धरून थांबायची, त्यानं मागितलं की लगेच द्यायची आणि फोनवर व्हिडिओ काढून पाठवायची. फडावर, मजूर घेऊन जाणाऱ्या मुकादमाच्या बायकोकडं सुद्धा त्यानं पाणी मागितलं. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांच्या १९६८ च्या पेपरात एबीएच्या सात अटी सांगितल्यात, त्यातली एक जनरॅलिटी, शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासमोर टिकतं का. ती त्या माउलीनं सिद्ध करून दिली, थिसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच आहे.

ऑटिझम असलेली मोठी माणसं एबीएवर जी टीका करतात ती मी वाचलीय आणि मला त्यातलं बरंच पटतं. बळंच डोळ्यात बघायला लावणं, हात हलवणं बंद करणं, हे मी घेतलंच नाही. मूल उठून गेलं की सेशन थांबवायचं आणि तेही शीटवर लिहायचं.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, मोजणी तुम्ही एकटीनंच केली का? नाही, डी.एड. स्पेशल करणारी एक मुलगी तेच व्हिडिओ बघून वेगळं मोजायची, दोघींचं ८० टक्क्यांच्या वर जुळलं तरच तो डेटा धरायचा असं आधीच ठरलेलं होतं. त्यावर पुढं काही विचारलं नाही.

करायचं असेल त्यांनी गाईड निवडताना एवढं बघा की त्यांना एका मुलाचा ग्राफ वाचता येतो का, आणि अभ्यासासाठी मुलाचं घर निवडताना पहिल्याच भेटीत विचारा, औंदा उचल (मुकादमाकडून तोडीचे आगाऊ पैसे) घेतली का.