दोनशे पावलांवरचं दुकान फोनवर दिसलं नाही

जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेनऊला काकांचा फोन आला, आवाज एकदम शांत. काका एरवी मोठ्यानं बोलतात, शांत बोलले की समजायचं काहीतरी झालंय. म्हणाले, "ताई, आज दुकानावर येऊन जा. आणि तो तुमचा रिपोर्ट पण घेऊन या."

काकांचं नाशिक रोडला, जेल रोडवर सर्जिकलचं दुकान आहे. हॉस्पिटल बेड, व्हीलचेअर, वॉकर, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हे सगळं भाड्यानं देतात. दुकानाच्या वरच राहतात. थंडीत निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की दम्याचे, सीओपीडीचे (फुफ्फुसाचा जुनाट आजार) पेशंट वाढतात आणि त्यांच्या मशीन बाहेर पडतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी त्यांचा सीझन. वेबसाइटचं काम दीड वर्ष आमच्याकडे आहे. ऑफिस कॅनडा कॉर्नरला, मी आणि दोन मुलं, काम एसईओचं, म्हणजे गूगलवर शोधलं की गिऱ्हाईकाचं नाव वर यावं यासाठीचं.

रिपोर्ट माझ्या बॅगेत होताच आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. काकांसोबत दोन दुपारी बसून मी एक लेख लिहिला होता, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायचा तर मिनिटाला ५ लिटर देणारी मशीन घ्यावी की १० लिटरची. मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो, ती खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढते, म्हणून ती भिंतीला चिकटवून किंवा पडद्याआड ठेवायची नाही. लाईट गेली की मशीन बंद, म्हणून शेजारी भरलेला सिलिंडर हवाच. डॉक्टरनी ६ लिटर लिहून दिलं असेल तर ५ लिटरच्या मशीनवर भागत नाही. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही. सगळं काकांचं ज्ञान, मी फक्त नीट मांडलं. तो लेख गूगलवर वर आला, इंदूर, जबलपूर, पाटणा कुठून कुठून लोक वाचत होते. आलेख चढता होता.

दुकानात गेले तर काकांनी चहा सांगितला आणि मग सांगायला लागले. मागच्या गल्लीत एक बिल्डिंग आहे, तिथे दोन महिन्यांपूर्वी धुळ्याहून एक कुटुंब राहायला आलंय. आदल्या संध्याकाळी त्यांच्या वडिलांना डिस्चार्ज मिळाला. हॉस्पिटलचे डिस्चार्ज बहुतेक संध्याकाळीच होतात, बिल वगैरे निस्तरेपर्यंत आठ वाजतात, आणि तेव्हा कोणीतरी जाता जाता सांगतं की घरी ऑक्सिजन लावावा लागेल. मुलानं रात्री साडेनऊला बिल्डिंगखाली उभं राहून फोनवर टाकलं, ऑक्सिजन मशीन ऑन रेंट नियर मी. तीन नावं आली. पहिलं मेडिकल, बंद झालेलं. दुसऱ्यानं फोन उचलला नाही. तिसरं सातपूरचं, म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. त्या माणसानं चांगुलपणानं मशीन पाठवली, ती पोचली पावणेएकला. तोपर्यंत अँब्युलन्सवाला आपला सिलिंडर लावून थांबला होता आणि तो संपायला आला होता.

सकाळी तोच मुलगा नाकाला लावायची नळी विकत घ्यायला काकांच्या दुकानात आला. काउंटरच्या मागे ओळीनं सहा मशीन उभ्या होत्या. काका म्हणाले, "तो काही बोलला नाही ताई. एकेक मशीन मोजली त्यानं. मग म्हणाला, काका, तुमचं दुकान माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे."

आजोबा बरे होते, हे काकांनी लगेच सांगितलं, पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणता आपण पहिल्या नंबरवर आहोत. मग त्याला का नाही दिसलो?"

मी बाहेर पायरीवर आले आणि माझ्या फोनवर तेच शब्द टाकले. नकाशा आला, खाली तीन दुकानं. काकांचं नाव नाही. 'आणखी ठिकाणं' दाबून यादी उघडली तर पाचवं. पाठ दुकानाच्या शटरला टेकलेली आणि दुकान पाचव्या नंबरवर.

हे समजावून सांगायला मला सोपं जात नाही, पण प्रयत्न करते. ५ लिटर की १० लिटर हा प्रश्न पाटण्यातही तोच आणि नाशकातही तोच, म्हणून त्याचं चांगलं उत्तर देणारं पान कुठूनही वर येऊ शकतं. नेहमीचं एसईओ म्हणजे हे, पान चांगलं लिहा, टायटल-हेडिंग नीट ठेवा, दुसऱ्या चांगल्या साइटवरून लिंक मिळवा, साइट फास्ट ठेवा. पण 'नियर मी' म्हणणारा माणूस वाचायला आलेला नसतो, त्याला दार हवं असतं. तिथे गूगल आधी बिझनेस प्रोफाइल बघतं, म्हणजे दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, रिव्ह्यू असलेली गूगलवरची नोंद, २०२१ पर्यंत ज्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे ते. आणि गूगल स्वतःच सांगतं की तीन गोष्टी बघतो: विचारलंय त्याच्याशी दुकान जुळतं का, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि दुकानाचं नाव किती झालंय, म्हणजे रिव्ह्यू, इतर ठिकाणचे उल्लेख वगैरे. २०१५ पर्यंत नकाशाखाली सात नावं यायची, तेव्हापासून तीनच येतात. म्हणजे चौथा असणं आणि नसणं घाईतल्या माणसासाठी सारखंच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं पाठ होतं. मी प्रोफाइल कधी नीट उघडून बघितलं नव्हतं, कारण ते आधीच्या एजन्सीनं बनवलेलं होतं आणि आमच्या कामात 'वेबसाइट' लिहिलेलं होतं. आणि रँक चेक करायचे ते टूलमध्ये नुसतं 'नाशिक' टाकून, म्हणजे शहराचा एकच बिंदू धरून. नाशिक काय एका बिंदूवर राहतं का, नाशिक रोडहून पंचवटीत जायचं म्हणजे लोक "नाशकात जाऊन येतो" म्हणतात.

तिथेच पायरीवर बसून प्रोफाइल उघडलं. नाव होतं दुकानाचं खरं नाव आणि त्यापुढे 'ऑक्सिजन मशीन रेंट बेस्ट नाशिक' असं शेपूट, जे गूगलच्या नियमात बसत नाही, पाटीवर जे नाव तेच लिहायचं असतं. मुख्य कॅटेगरी फार्मसी. काका औषध विकतच नाहीत! पिन दुकानावर नाही, बिटको चौकाजवळ. वेळ सकाळी दहा ते आठ, म्हणजे त्या रात्री साडेनऊला गूगलच्या हिशोबानं दुकान बंद. आणि शोधायच्या वेळेला जे बंद दिसतं ते मागे पडतं, हे २०२३ च्या शेवटी आमच्या धंद्यातल्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर गूगलनंही मान्य केलंय. दोन डिरेक्टऱ्यांमध्ये काकांचा ०२५३ वाला लँडलाइन, जो कधीच कट झालाय. एकेक गोष्ट छोटी वाटते. सगळ्या मिळून दुकान पुसून टाकलं होतं. त्या एजन्सीनं काकांकडून 'पहिल्या पानावर आणू, गॅरंटी' म्हणून वर्षाचे पैसे घेतले होते. अशी गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नका, एवढं तर मी कुठेही उभं राहून सांगेन.

वेळेवरून काकांशी बोलणं झालं. मी म्हटलं, चोवीस तास लिहायचं तर रात्री अडीचला फोन उचलावा लागेल, दार उघडावं लागेल, नाहीतर ते खोटं होईल. काका म्हणाले, "गेली कित्येक वर्षं उचलतोच आहे की. फोन उशाशी असतो. तुम्ही विचारलंच नाही कधी." खरंच नव्हतं विचारलं. दीड वर्षात मी त्यांना कीवर्ड विचारले, स्पर्धक कोण विचारलं, दुकान रात्री उघडं असतं का हे विचारलं नाही.

मुख्य कॅटेगरी मेडिकल इक्विपमेंट सप्लायर केली, व्हीलचेअर वगैरे त्याच्या जोडीला, पिन सरकवून बरोबर शटरवर आणला, नावाचं शेपूट काढलं. एवढे बदल एकदम केल्यावर गूगलनं परत व्हेरिफिकेशन मागितलं. हल्ली व्हिडिओ मागतात. मोबाइलवरच, एका दमात, मध्ये कट नाही. त्यात रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आतला माल दिसला पाहिजे, आणि दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे दिसलं पाहिजे, म्हणजे कुलूप उघडा, गल्ला उघडा असं काहीतरी. आमच्या ऑफिसातल्या मुलानं जाऊन शूट केला, दोन दिवसांनी नामंजूर. कारण काय तर काही नाही, एक ठरावीक मेल. याची मला फार चीड येते, ज्याचं दुकान यावर चालतं त्याला नेमकं काय चुकलं हे एका ओळीत सांगायला काय हरकत आहे?

मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग दिसलं. पाटीवर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला होता, दुकानाच्या नावाची फक्त शेवटची दोन अक्षरं खाली दिसत होती. काकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती, आमच्या मुलानं लक्ष दिलं नाही. फ्लेक्स काढायला काका आधी तयार नव्हते, उगाच वाकडं नको म्हणाले. शेवटी स्वतः मंडळाच्या पोरांकडे गेले, सांगितलं की पेशंटला दुकान सापडत नाही, आणि पोरांनीच शिडी आणून सोडला. लोक वाईट नसतात, कोणी जाऊन सांगत नाही.

दुसऱ्या वेळी मी गेले. सकाळी सातला, रस्ता मोकळा असताना. जेल रोडवरून चालत सुरू केलं, शेजारच्या दुकानाची पाटी, मग आपली पाटी, मग काकांचा हात. किल्ल्यांचा जुडगा, त्यात कुलपाची किल्ली पितळेची, ती बरोबर चिमटीत आली. शटर वर गेलं, आत सहापैकी चार मशीन. दोन रात्रीत गेल्या होत्या. मी कॅमेरा त्यांच्या सिरियल नंबरवर नेला, मग काकांच्या भाड्याच्या वहीवर, पण त्यात लोकांची नावं-पत्ते म्हणून वही बंदच दाखवली. हा व्हिडिओ मंजूर झाला.

पुढच्या रविवारी मी अॅक्टिव्हा काढली आणि जेल रोडपासून द्वारकेपर्यंत नऊ ठिकाणी थांबून तेच शब्द शोधले. कुठल्या ठिकाणी कितवा नंबर याचा ग्रिड टूल काढून देतं हे मला माहीत आहे, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुकानापाशी दुसरे. बिटकोला दुसरे. दत्त मंदिर चौकात तिसरे. उपनगरला पाचवे, म्हणजे गेले. बोधलेनगरला यादीत बरंच खाली, द्वारकेला शोधून सापडेना. काकांनी विचारलं, आपण तर अख्ख्या नाशकात डिलिव्हरी देतो, सर्व्हिस एरियात तसं लिहिलंय ना? लिहिलंय. पण ते लिहिल्यानं तिथे वर दिसत नाही, गूगल मोजतं दुकानापासून. लेखाला अंतर नव्हतं, दुकानाला आहे. काही हद्दीपर्यंत ते रिव्ह्यूनं ओढून वाढवता येतं. आणि इथेच मी अडकले आहे.

सातपूरवाल्याचे रिव्ह्यू शेकड्यात आहेत. काकांचे अकरा. मी म्हटलं, काका, गिऱ्हाईक मशीन परत करायला येतं तेव्हा विनंती करायची, सवलत वगैरे काही द्यायची नाही, ते नियमात नाही, नुसतं विचारायचं. क्यूआर कोडचा स्टँड पण छापून आणला होता.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही उघडली आणि बोट ठेवत गेले. "ही मशीन परत आली ती बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ही पण तशीच. ही एक बाई स्वतः घेऊन आली होती रिक्षातून, नवऱ्याची. मी कुणाला कसे आहेत विचारत नाही, तोंडाकडे बघतो, डिपॉझिट मोजून देतो. यांना मी मोबाइल काढा म्हणू?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. व्हीलचेअर, वॉकर, बेड घेणारे गुडघ्याचं ऑपरेशन, फ्रॅक्चर यातून उठून हिंडत-फिरत येतात, त्यांना विचारा असं ठरलं. ते आनंदानं लिहितात. दोन महिन्यांत अकराचे छत्तीस झाले. पण त्या सगळ्या रिव्ह्यूत शब्द आहेत व्हीलचेअर, बेड, गुडघा. ऑक्सिजन कुठेच नाही. गूगल रिव्ह्यूतले शब्द वाचतं, शोधलेल्या शब्दाशी जुळले तर यादीत तेवढी ओळ उचलून दाखवतंही. म्हणजे व्हीलचेअर शोधली तर आता काका उपनगरलाही तिसरे येतात, आणि ऑक्सिजन शोधला तर तिथे अजून पाचवेच. ज्या मशीनसाठी माणूस रात्री साडेनऊला रस्त्यावर उभा राहून शोधतो, नेमकी त्याच मशीनबद्दल कोणी लिहीत नाही.

आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, डॉक्टरांकडून, नर्सकडून चार ओळी लिहून घेऊ. मी नाही म्हटलं, ते गिऱ्हाईक नाहीत. तो म्हणतो सगळे करतात. करत असतील.

मागच्या आठवड्यात दुकानात गेले तेव्हा क्यूआरचा स्टँड काउंटरवर होता, भिंतीकडे तोंड करून. कोपऱ्यात एक मशीन नुकतीच आलेली, नळी गुंडाळून वर ठेवलेली. मी काही विचारलं नाही. काकांनी बाटली काढून धुतली, फिल्टर झटकला, मशीन चालू करून पाच मिनिटं आवाज ऐकला आणि ओळीत नेऊन ठेवली.