नकाशातली चार कोरी राज्ये

आज नववीला अमेरिकेतील यादवी युद्ध शिकवले. ‘लिंकन’ म्हणताच मुलांनी एका सुरात हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्राचे नाव घेतले आणि ते पत्र लिंकन यांनीच लिहिल्याचा पुरावा नाही, हे सांगताना माझी नजर व्हरांड्यात टांगलेल्या त्याच पत्राच्या तसबिरीकडे गेली.

मग फळ्यावर नकाशा काढला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची गुलामांच्या मुक्तीची घोषणा संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर प्रदेशापुरती होती, म्हणून तो लाल खडूने रंगवला आणि गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली केंटकी, मिसुरी, मेरीलँड व डेलावेअर ही राज्ये कोरी ठेवली. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे जिथे त्यांचे ऐकले जात होते, तिथलेच गुलाम त्यांनी सोडवले नाहीत?”

इतका नेमका प्रश्न मला विद्यार्थिदशेत सुचला नव्हता. घोषणा सरसेनापती म्हणून युद्धाधिकारात काढलेली होती, निष्ठावंत राज्ये बिथरली असती तर युद्धच हातचे गेले असते आणि संपूर्ण बंदी डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने आली, तेव्हा लिंकन यांची हत्या होऊन आठ महिने लोटले होते, असे मी सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते मला आवडले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हे सांगेपर्यंत तास संपला. उद्या तिथूनच सुरुवात करायची आहे; नकाशा पुसू नका, असे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आलो आहे.